तळघरातील ग्रंथालय

(ग्रंथालयाच्या शतकमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत संतवाङ्मय झाले, गोमंतकाची नाट्यपरंपरा झाली, ग्रंथालय चळवळीचा इतिहास झाला. अशा पंक्तीत पडद्यावर खेळावयाच्या एका खेळाविषयी बोलणे हे काही ज्येष्ठ सभासदांना औचित्यभंगाचे वाटण्याचा संभव आहे. तरीही हा विषय मी समजूनउमजून निवडला. आपल्या नातवंडांच्या पिढीतील बरीच मुले दीर्घ कथेची पहिली ओळख आता अशा खेळांतून करून घेतात, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण अधिक जवळचे आहे. ज्या खेळाविषयी मी बोलणार आहे त्याचा गाभा पक्षभेद हा आहे, आणि त्याच्या पुरवणीच्या गाभ्याशी एक ग्रंथालय आहे. या दोहोंचा आपल्या गोमंतकीय वाचकांशी संबंध कसा पोचतो ते सांगून शेवटी आपणापुढे एक मागणी ठेवण्याचा माझा मानस आहे.

प्रथम खेळाचा प्रकार समजावून घेऊ. बुद्धिबळाचा पट आपणा सर्वांस परिचित आहे. चौकटी आखलेल्या, दोन्ही बाजूंच्या खेळी आळीपाळीने, घाईला वाव नाही आणि विचाराला भरपूर अवकाश. या पटावरील प्रत्येक प्याद्याला नाव दिले, घराणे दिले, आईबाप, मित्र, स्वभाव आणि भूतकाळ दिला, आणि एका लढाईतून दुसऱ्या लढाईत जाताना त्याची विद्या व सामर्थ्य वाढत जाईल अशी योजना केली, म्हणजे जो खेळ तयार होतो तोच हा डावपेची कथाखेळ. जपानमधील निन्टेन्डो या कंपनीच्या यंत्रांसाठी इंटेलिजंट सिस्टिम्स या संस्थेने १९९० साली ‘फायर एम्ब्लेम’ ही मालिका सुरू केली आणि या प्रकाराला एक नियम दिला. पटावर मेलेले पात्र परत येत नाही. पुढची सारी कथा त्याच्यावाचून चालते. बुद्धिबळात आपण प्यादे सहज देऊन टाकतो. येथे प्यादे देताना हात थबकतो. अलीकडच्या खेळांत हा नियम शिथिल करून खेळण्याची मुभा असते, पण मालिकेची ओळख त्या नियमाने घडली.

याच मालिकेतील ‘थ्री हाउसेस’ हा खेळ जुलै २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या निर्मितीत कोएई टेक्मो या दुसऱ्या जपानी कंपनीचा मोठा वाटा होता. चीनच्या इतिहासातील तीन राज्यांच्या संघर्षावर १९८५ पासून खेळ काढीत आलेली ही कंपनी असल्याने तीन सत्तांचा तोल हा विषय तिच्या अंगवळणी पडलेला होता.

कथा घडते ती फोडलन नावाच्या कल्पित भूखंडावर. तेथे तीन सत्ता आहेत. दक्षिणेस अड्रेस्टियाचे जुने साम्राज्य, उत्तरेस फेर्गसचे राज्य आणि पूर्वेस लेस्टर येथील सरदारांचा संघ. तिघांच्या मधोमध, डोंगरावर, गॅरेग माख नावाचा प्रचंड मठ आहे. तेथील धर्मपीठाची अधिष्ठात्री रेया ही आहे. मठात सरदारपुत्रांचे, आणि थोड्याबहुत सामान्यांच्या मुलांचेही, विद्यालय चालते. तिन्ही सत्तांच्या मुलांचे तेथे तीन गट आहेत, प्रत्येक गटात आठ विद्यार्थी. साम्राज्याची वारस एडेलगार्ड, फेर्गसचा युवराज दिमित्री आणि लेस्टरचा वारस क्लॉड हे तीन गटांचे नायक. खेळणाऱ्याकडे भूमिका येते ती नव्याने नेमलेल्या शिक्षकाची. या तिघांपैकी एक गट त्याने शिकवावयास घ्यावा, असे त्याला अगदी आरंभी, कोणाचीच नीट ओळख होण्यापूर्वी सांगितले जाते.

आपल्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला येथे द्रोणाचार्यांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. कौरव आणि पांडव हे दोघेही त्यांचे शिष्य. त्यांनी शिकविलेली धनुर्विद्याच पुढे कुरुक्षेत्रावर समोरासमोर आली, आणि ज्या बाजूचे अन्न खाल्ले त्या बाजूला ते उभे राहिले. ‘थ्री हाउसेस’मध्ये खेळणाऱ्याला या द्रोणाच्या आसनावर बसविले आहे. पूर्वार्धात तो मुलांना शिकवितो, त्यांच्याबरोबर जेवतो, चहा पितो, त्यांच्या हरवलेल्या वस्तू शोधून देतो, वाढदिवसाला फुले पाठवितो. ग्रॉन्डर नावाच्या मैदानावर तिन्ही गटांची एक लुटुपुटूची लढाई होते. जो जिंकेल त्याचे कौतुक, आणि रात्री सर्वांचे एकत्र भोजन. नंतर युद्ध पेटते आणि कथा पाच वर्षे पुढे जाते. खेळाच्या चार मार्गांपैकी दोन मार्गांवर त्याच ग्रॉन्डरच्या मैदानावर तेच तीन गट पुन्हा भेटतात. या वेळी तलवारी खऱ्या असतात. पूर्वी ज्या टेकडीसाठी चुरस होती ती टेकडी पेटविली जाते. समोरून चालून येणारा सैनिक हा कालपरवापर्यंत आपल्याच विद्यालयाच्या भोजनगृहात बसणारा, नावानिशी ठाऊक असलेला मुलगा असतो.

या खेळात एक सोय आहे. लढाईत चूक झाली तर शिक्षक दैवी शक्तीने काळ मागे फिरवू शकतो. खेळी परत घेता येते, मेलेला शिष्य उठवून दुसऱ्या वाटेने नेता येतो. ही शक्ती मर्यादित वेळाच वापरता येते, परंतु येते. आरंभी जो गट निवडला ती निवड मात्र कोणत्याही शक्तीने मागे फिरविता येत नाही. त्यासाठी सारी कथा पहिल्यापासून पुन्हा जगावी लागते. डावपेचातील चुका दुरुस्त होतात, पक्षाची निवड दुरुस्त होत नाही. रचनाकारांनी एकही शब्द न बोलता नियमातूनच सांगितलेली ही गोष्ट मला फार मार्मिक वाटते. माणूस बहुधा आपला पक्ष समजून घेऊन निवडीत नाही. जन्माने, शेजाराने, शाळेने तो एका बाजूला जाऊन बसतो आणि कारणे मागाहून गोळा करतो.

आता या तीन पक्षांची कारणे पाहू, कारण त्यांपैकी एकही खोटे नाही. फोडलनमध्ये काही घराण्यांच्या रक्तात वंशचिन्हे उतरतात. ज्याच्या अंगी चिन्ह त्याला जहागीर, विवाह, मान. ज्याच्या अंगी नाही तो सख्खा मुलगा असला तरी टाकाऊ. फेर्गसमधील एका सरदाराचा थोरला मुलगा केवळ चिन्ह नाही म्हणून वारसा गमावतो, घराण्याचा पवित्र भाला चोरतो आणि त्या भाल्याच्याच शक्तीने पशू होऊन मरतो. एडेलगार्डच्या भावंडांचा बळी याच चिन्हांसाठी केलेल्या अघोरी प्रयोगांत गेला आणि ती एकटी त्यातून उरली. ही व्यवस्था आणि तिला धर्माचा आधार देणारे पीठ, दोन्ही मुळासकट उपटावीत असे तिला वाटते, आणि त्यासाठी ती युद्ध पुकारते. दिमित्रीने लहानपणी डस्कर येथे आपल्या पित्याची हत्या डोळ्यांनी पाहिली. त्या हत्येचा आळ डस्करच्या लोकांवर घेऊन त्यांची सरसकट कत्तल झाली. त्या जमातीतून वाचलेला ड्यूड्यू आज त्याचा सर्वांत निष्ठावान सोबती आहे. मृतांना न्याय मिळाल्यावाचून जिवंतांना शांती नाही, अशी दिमित्रीची धारणा आहे आणि ती त्याला वेडाच्या काठावर घेऊन जाते. क्लॉडची आई फोडलनची आणि पिता सीमेपलीकडील अल्मायराचा. अलीकडचे त्याला परका समजत आले आणि पलीकडचेही. दोन्हींमधली भिंत पडावी एवढेच त्याला हवे आहे.

तिघांचेही दुःख खरे, तिघांच्याही उपायात काही तथ्य. आणि तरीही या खेळाच्या चारही मार्गांपैकी एकाही मार्गावर हे तिघे मिळून राज्य करीत नाहीत. मालिकेच्या अनेक चाहत्यांना अशा गोड शेवटाची अपेक्षा होती. रचनाकारांनी ती पुरविली नाही, हे मला त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण वाटते. जो मार्ग धराल त्या मार्गावर कोणीतरी आवडते माणूस तुमच्या हातून जाईल, ही अट त्यांनी कायम ठेवली.

येथे एक सूक्ष्म योजना आहे आणि ग्रंथालयाच्या सभासदांनी तिकडे अवश्य लक्ष द्यावे. धर्मपीठ एक इतिहास शिकविते. देवीने दहा वीरांना चिन्हे व दिव्य शस्त्रे दिली, त्यांचा राजा नेमेसिस पुढे उन्मत्त झाला आणि संत सेइरोसने त्याचा पाडाव केला, असा तो इतिहास. वस्तुतः नेमेसिसने देवीच्या वंशजांची कत्तल केली होती. ती दिव्य शस्त्रे त्या मृतांच्या अस्थींतून घडविलेली होती, आणि चिन्हे त्यांच्या रक्तातून आलेली. कत्तलीतून वाचलेली सेइरोस म्हणजेच आजची रेया. तिने भूखंडावर शांतता राहावी म्हणून हे सत्य पुरून टाकले आणि मारेकऱ्यांच्या वंशजांना वीरांचे वंशज म्हणून मान मिळू दिला. एडेलगार्डला सम्राटांच्या परंपरेतून वेगळाच इतिहास मिळालेला आहे. नेमेसिस आणि सेइरोस यांचे भांडण सत्तेचे होते आणि पीठाने त्याला धर्माचा मुलामा दिला, असे ती मानते. पीठाने लबाडी केली हे तिचे म्हणणे बरोबर, लबाडी कोणती हे मात्र तिला ठाऊक नाही. जो खेळणारा तिच्या बाजूने शेवटपर्यंत जातो त्यालाही ते पूर्णपणे कधीच कळत नाही. पक्ष जिंकतो, देश बदलतो, आणि खरा इतिहास अज्ञातच राहतो. दुसऱ्या मार्गाने गेलेल्याला तो सापडतो, पण तोवर एडेलगार्ड त्याची वैरीण झालेली असते. एकच कथा चार वेळा, चार बाजूंनी वाचल्याखेरीज संपूर्ण चित्र हाती येत नाही, अशी ही रचना आहे.

मूळ खेळाची मांडणी एवढी झाली. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याला एक पुरवणी जोडण्यात आली. तिचे नाव ‘सिंडर्ड शॅडोज’. पुरवणी म्हणजे काय, हे आपणास परक्या भाषेतून समजावून घेण्याचे कारण नाही. हरिवंश हे महाभारताचे खिल आहे. मुख्य कथेत जे आले नाही, ज्याला तेथे जागा मिळाली नाही, ते खिलात येते. मूळ ग्रंथ खिलावाचून पूर्ण असतो. परंतु खिल वाचल्यावर मूळ ग्रंथाकडे पाहण्याची दृष्टी बदलते. ‘सिंडर्ड शॅडोज’ हे त्या अर्थाने सात प्रकरणांचे खिलपर्व आहे.

त्याची कथा मठाच्या खाली घडते. मठाच्या पायाखाली एक वस्ती आहे. तिचे मूळ नाव ‘अ‍ॅबिस’, आपण तिला पाताळ म्हणू. कर्जबाजारी, परागंदा, धर्मपीठाच्या नजरेतून उतरलेले, ज्यांना वर राहण्याची सोय नाही असे लोक तेथे राहतात. वर तीन गट आहेत, खाली चौथा आहे. अ‍ॅशेन वुल्व्ह्ज, म्हणजे राखेचे लांडगे, असे त्याचे नाव. त्यात चौघे आहेत. यूरी हा विद्यालयातून काढून टाकलेला, पाताळातील लोकांचा म्होरक्या. बाल्थस हा लेस्टरमधील सरदाराचा थोरला मुलगा, वारशावर पाणी सोडून कुस्त्या आणि कर्ज करीत फिरणारा. कॉन्स्टन्सचे साम्राज्यातील घराणे युद्धात नामशेष झालेले. आणि हापी, जिच्यावर लहानपणी झालेल्या प्रयोगांमुळे तिने नुसता सुस्कारा टाकला तरी राक्षसी पशू धावून येतात. दुःख व्यक्त करण्याचीही जिला चोरी आहे अशी ही मुलगी मला या पुरवणीतील सर्वांत हृदयस्पर्शी कल्पना वाटते.

या पाताळात शिक्षकाबरोबर एडेलगार्ड, दिमित्री आणि क्लॉड हे तिघेही उतरतात. मुख्य कथेत जे एकमेकांच्या जिवावर उठणार आहेत ते तिघे येथे पटाच्या एकाच बाजूला उभे असतात. एकाची जखम दुसऱ्याने झाकायची, एकाने दार उघडायचे आणि दुसऱ्याने मागची वाट राखायची. खेळणाऱ्याला येथे गटही निवडता येत नाही आणि फौजही. जी माणसे दिली आहेत त्यांनाच घेऊन तरावयाचे. त्यामुळे लढाया कठीण आहेत आणि कोणाच्याही वाचून भागत नाही. पक्षाची निवड काढून घेतली की सहकार्य सक्तीचे होते, असे या पुरवणीच्या नियमांचे सार सांगता येईल.

कथानक थोडक्यात असे. पाताळाची देखरेख करणारा एल्फ्रिक हा पीठाचा सौम्य अधिकारी या चौघांच्या मदतीने एक प्राचीन चषक शोधवितो. मृताला उठविण्याचा विधी त्या चषकाने करता येतो आणि त्यासाठी चार प्रेषितांच्या वंशाचे रक्त लागते. ते रक्त नेमके या चौघांच्या अंगात आहे. एल्फ्रिकला शिक्षकाची मृत आई सिट्री हिला परत आणावयाचे आहे, कारण तिच्यावर त्याचे प्रेम होते. ज्यांना आश्रय दिला त्यांनाच बळी देण्याची त्याची तयारी असते. शेवटी तो स्वतःच विक्राळ पशू होतो आणि तीन गटांचे नायक व चार बहिष्कृत मिळून त्याचा अंत करतात.

ही पुरवणी निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. एल्फ्रिकचे पात्र ठोकळेबाज आहे. दयाळू संरक्षक शेवटी दुष्ट निघतो ही युक्ती चाणाक्ष वाचक लवकर ओळखतो. पाताळातील दारिद्र्याविषयी संवादांत पुष्कळ बोलले जाते, पण तेथील सामान्य माणसाचा एक दिवस कसा जातो ते फारसे दिसत नाही. सर्वांत मोठी उणीव अशी की या सहकार्याचा मुख्य कथेवर काहीही परिणाम होत नाही. खाली खांद्याला खांदा लावून लढलेले तिघे वर येऊन जणू काही घडलेच नाही अशा रीतीने युद्धाकडे चालू लागतात. लांडगे मुख्य खेळात शिष्य म्हणून घेता येतात; परंतु युद्ध थांबविणारी वाट तेथे नाही. मात्र याच उणिवेत काही सत्य दडलेले असावे, असेही कधीकधी वाटते. संकटात एकत्र आलेली माणसे संकट सरल्यावर आपापल्या आळीला परतल्याचे आपण सर्वांनी पाहिले आहे.

आता ग्रंथालयाकडे येतो. मठाच्या वरच्या मजल्यांत एक प्रशस्त ग्रंथालय आहे. धर्मपीठाला मान्य असलेले ग्रंथ तेथे आहेत आणि टॉमस नावाचा वृद्ध, विनम्र ग्रंथपाल त्यांची निगा राखतो. पुढे कळते की हा टॉमस म्हणजे वेष पालटून राहिलेला सोलन, अंधारात राहून तिन्ही सत्तांना झुंजविणाऱ्या गुप्त मंडळीतला एक. पुरवणीने या वरच्या ग्रंथालयासमोर दुसरे ग्रंथालय उभे केले, आणि ते पाताळात. पीठाला नको असलेली पुस्तके तेथे साठली आहेत. तेथील एका लेखात पीठाने कशाकशाला मनाई केली याची हकीकत आहे. शवविच्छेदन, दूरची वस्तू जवळ दाखविणारी दुर्बीण, आणि धातूच्या खिळ्यांनी केलेली छपाई. या एका लेखाने सारा मूळ खेळ वेगळा दिसू लागतो. हा देश मागासलेला का राहिला, येथील माणसाला आपला इतिहास पडताळून का पाहता आला नाही, याचे उत्तर कोणत्याही रणांगणावर मिळत नाही. ते तळघरातील एका कपाटात मिळते. आणि ते कपाट तिन्ही पक्षांपैकी कोणाच्याच ताब्यात नाही. ज्यांना कोणत्याच पक्षात जागा नव्हती त्यांनी ते सांभाळले आहे.

वाचकहो, ही जपानी रचनाकारांची कल्पना झाली. आपण ज्या भूमीत बसलो आहोत तेथे मात्र हे सारे प्रत्यक्षात घडलेले आहे. भारतातील पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात आला. तो वास्तविक अबिसीनियासाठी निघालेला होता. तो येथेच राहिला आणि जुन्या गोव्याच्या सेंट पॉल महाविद्यालयात चालू झाला. फादर थॉमस स्टीफन्स यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. ज्या शतकात मराठी ग्रंथ अन्यत्र हातानेच लिहिले जात होते, त्या शतकात येथे मराठी काव्य मुद्रित झाले. याच भूमीत देशी भाषांतील पोथ्या हुडकून नष्टही केल्या गेल्या. १६८४ साली व्हाइसरॉयने फर्मान काढून येथील लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असा हुकूम दिला. आणि १७५४ साली छपाईलाच बंदी झाली, ती १८२१ पर्यंत उठली नाही. आशियातील पहिल्या छापखान्यांपैकी एक जेथे चालला तेथे सदुसष्ट वर्षे मुद्रण निषिद्ध होते. ‘क्रिस्तपुराणा’च्या त्या काळच्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज आढळत नाही, ते आपल्यापर्यंत आले ते हस्तलिखितांच्या रूपाने. सोळाव्या शतकात येथे रचलेल्या रामायण-महाभारताच्या कथांची कोकणी व मराठी हस्तलिखिते, रोमन लिपीत उतरवून घेतलेली, पोर्तुगालमधील ब्राग येथील ग्रंथालयात आहेत. ज्या सत्तेच्या अमलात पोथ्या नाहीशा झाल्या तिच्याच देशातील कपाटात त्या टिकल्या. इतिहासाचे पाताळ कोठे असेल हे सांगता येत नाही.

ब्रागच्या त्या हस्तलिखितांत कोकणी आणि मराठी एकत्र नांदतात. पुढे आपण त्यांचे दोन पक्ष केले. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीन व्हावे की वेगळे राहावे या प्रश्नावर हा प्रदेश उभा दुभंगला आणि ३४ हजारांच्या फरकाने वेगळे राहण्याच्या बाजूने निकाल लागला. १९८६ च्या अखेरीस भाषेच्या आंदोलनात माणसे जिवानिशी गेली. फेब्रुवारी १९८७ मध्ये देवनागरी कोकणी राजभाषा ठरली आणि शासकीय कामासाठी मराठीच्या वापराची तरतूद झाली. रोमन लिपीत कोकणी लिहिणाऱ्यांची तक्रार तेव्हापासून वेगळीच आहे. एडेलगार्ड, दिमित्री आणि क्लॉड यांच्याप्रमाणे येथेही प्रत्येक बाजूचे दुःख खरे होते. एकाला आपल्या शाळेची आणि अभंगाची भाषा जाईल अशी भीती, दुसऱ्याला घरात बोलली जाणारी भाषा बोली म्हणून हिणविली जाण्याचा सल, तिसऱ्याला आपली लिपीच मोजली जात नाही ही खंत. एका घरात दोन भाऊ दोन बाजूंना गेले, आणि त्यांना शिकविणारे गुरुजी बहुधा एकच होते.

आपले ग्रंथालय मराठीचे आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. त्या वादात आपल्या बहुतेक सभासदांचा कल कोणत्या बाजूला होता हे उघड आहे, आणि त्याबद्दल कोणी संकोच बाळगण्याचे कारण नाही. तथापि माझी मागणी त्यातूनच निघते. आपल्या पोटमाळ्यावर त्या दोन्ही काळांतील पत्रकांचे, पुस्तिकांचे आणि स्थानिक वृत्तपत्रांचे गठ्ठे सुतळीने बांधून ठेवलेले आहेत. ते दोन्ही बाजूंचे आहेत, आणि काही रोमन लिपीतील आहेत. त्या वेळच्या ग्रंथपालांनी हातात येईल तो कागद ठेवला, यासाठी त्यांचे आपण ऋणी आहोत. शतकमहोत्सवाच्या निमित्ताने या गठ्ठ्यांचे काय करावे असा प्रश्न मंडळापुढे आहे. जुन्या जखमा उकरू नयेत, विरुद्ध बाजूची भडक पत्रके आपण आपल्या पैशाने का जपावीत, जागेची अडचण आहे, असे आक्षेप घेतले गेले आहेत. जखमांचा आक्षेप मी हलका मानीत नाही. ज्यांच्या घरातले माणूस गेले त्यांना ती पत्रके आजही दुखवतील.

परंतु रेयानेही शांतता राहावी म्हणूनच सत्य पुरले होते. तिचा हेतू वाईट नव्हता. परिणाम असा झाला की पुढच्या पिढीतील सर्वांत बुद्धिमान मुलीने अर्धवट इतिहासावर विसंबून सारा देश पेटविला, कारण पूर्ण इतिहास वाचण्याची सोय तिला कोणी ठेवलीच नव्हती. आज आपल्याकडील तरुणाला १९६७ आणि १९८७ विषयी जे कळते ते आपापल्या घरातून, आपापल्या बाजूने कळते. त्याला दोन्ही बाजूंचे मूळ कागद एका टेबलावर मिळतील अशी जागा या शहरात आपल्याखेरीज किती उरल्या आहेत?

म्हणून माझे म्हणणे असे आहे. हे गठ्ठे खाली आणावेत. आपल्या पावसाळी हवेत वाळवी आणि बुरशी यांना पक्षभेद कळत नाही. आणखी काही पावसाळे गेले तर हा वाद परस्परच मिटेल. प्रत्येक कागदाची नोंद व्हावी, तारीख आणि छापखाना लिहिला जावा, शक्य तर छायाप्रती निघाव्यात. दोन्ही बाजूंची पत्रके वेगवेगळ्या कपाटांत न ठेवता कालक्रमाने एकाच फळीवर लावावीत, म्हणजे एक वाचणाऱ्याच्या हाताला दुसरे आपोआप लागेल. रोमन लिपीतील कागद वाचून देण्यासाठी आपल्या कोकणी शेजाऱ्यांना बोलवावे. ते येतील असा मला विश्वास आहे. आणि हे दालन कोणत्याही वाचकाला, तो सभासद असो वा नसो, खुले असावे. खर्चाचा भाग आश्रयदात्यांनी उचलावा, अशी त्यांना नम्र विनंती.

भारतीय युद्धाच्या आरंभी युधिष्ठिराने दोन्ही सैन्यांच्या मध्ये उभे राहून विचारले होते की ज्याला बाजू बदलावयाची असेल त्याने या क्षणी बदलावी. धृतराष्ट्राचा पुत्र युयुत्सू तेवढा पलीकडून अलीकडे आला. ग्रंथालयाने कोणाला बाजू बदलावयास सांगू नये, ते त्याचे कामही नव्हे. दोन सैन्यांच्या मधली ती थोडी मोकळी जागा, जेथे उभे राहून दोन्हीकडचे चेहरे दिसतात, तेवढी त्याने राखावी. गेली शंभर वर्षे आपल्या पूर्वसूरींनी कधी जाणीवपूर्वक, कधी केवळ सवयीने ती राखली. पुढची शंभर वर्षे ती राखण्याचा निर्णय मंडळाच्या येत्या सभेत व्हावा, एवढी इच्छा व्यक्त करतो.